चंचीतली मशीन

आप्पांनी चंची सोडली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि सगळ्यांत खाली फडक्यात गुंडाळलेली कानाची मशीन.

"दोन वर्सं झाली गुरुजी, शिबिरात भेटली. आवाजच करत न्हाई. फुकटचा माल." आप्पा हे इतक्या मोठ्यानं बोलले, की नांदेडच्या त्या सभागृहातल्या मागच्या रांगाही वळून बघू लागल्या.

मी बॅटरीचं दार नखानं उघडलं. आत ६७५ नंबरची बॅटरी, आणि तिच्यावरचा निळा स्टिकर जसाच्या तसा. शेपटी दुमडून कुणीतरी दार दाबून लावलेलं. ही बॅटरी हवेवर चालते. स्टिकरखाली बारीक भोकं असतात, तो काढला की हवा आत जाते, जस्ताशी तिची गाठ पडते आणि मग वीज तयार होते. काढल्यावर मिनिटभर थांबायचं, मग बसवायची. शिबिरात हे सांगितलं असणारच, पण तोंडी. ज्याला ऐकू येत नाही त्याला तोंडी सूचना देऊन मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आप्पांना हसायला मला तोंड नाही. माझी मशीन लातूरच्या घरी चार महिने कपाटात होती, तीही स्वतःच्या पैशानं घेतलेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. शेवटच्या काही वर्षांत मुलांची उत्तरं कळायची, मुलींची कळायची नाहीत. मला वाटायचं, पोरी लाजतात. मग गंजगोलाईत भाजीवाली 'साठ' म्हणाली आणि मी दहाची नोट देऊन दोन रुपये परत मागितले. 'साठ'मधला स गेला की उरतात आठ.

तपासणीच्या बंद खोलीत कानावर हेडफोन चढवून हातात बटण देतात. टूं वाजलं की दाबायचं. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. माझे गोल आणि फुल्या डावीकडे बऱ्या होत्या, उजवीकडे बालाघाटाच्या घाटासारख्या खाली उतरलेल्या. जाड आवाज शाबूत आणि बारीक आवाज गेलेले. स, श, फ, थ ही अक्षरं त्या बारीक पट्टीतच राहतात. म्हणून माझ्यासारखा माणूस घरी कायम एकच वाक्य बोलतो: "आवाज येतो, पण काय बोलता ते कळत नाही." घरचे म्हणतात, "त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं."

मशीन लावली तेव्हा पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज कवटीत घुसला. स्वतःचं बोलणं आडात तोंड घालून बोलल्यासारखं. काढून ठेवली. बाहेर निघाली ती नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये मागावर उमेदीची वर्षं काढलेल्या एका म्हाताऱ्यामुळे. त्यानं मला एवढंच शिकवलं: पहिला आठवडा घरातच, रोज तासभर, बायकोसमोर बसून पेपर मोठ्यानं वाचायचा. बाजार आणि लग्न महिन्यानंतर. मेंदू बऱ्याच वर्षांनी हे आवाज ऐकत असतो, त्याला वेळ लागतो. हे मला मशीन विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

आता हेच मी लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असं एसटीनं फिरत सांगतो. पिशवीत बॅटऱ्यांची पाकिटं, कानात बसणाऱ्या मोल्डची नळी, मऊ ब्रश आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची झाकणाची डबी. समोर माणूस बसला की आधी माझी मशीन काढून टेबलावर ठेवतो. अर्धं बोलणं तिथंच होतं. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो, मशीन लावली की बहिरा, हा हिशेब मला अजून कळलेला नाही.

कानांच्या कथा मात्र गावोगाव सारख्या. लहानपणी कान फुटला, वाहिला, घरच्यांनी तेल सोडलं. लातूरच्या डाळ मिलमध्ये चाळण्यांपाशी बारा-बारा तास. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही साधारण मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा: ८८ला चार तास, ९१ला दोन. डीजेपुढं नाचणाऱ्या पोरांना हे गणित मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

सरकारी कागदाचं गणित आणखी वेगळं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऐकण्यात कमी म्हणजे दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढची घट. ज्याच्या दोन्ही कानांची घट ५० वर आहे त्याला घरातलं साधं बोलणं तुटक ऐकू येतं, पण कायद्याच्या लेखी त्याचे कान ठीक. त्यातल्या त्यात मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये पासष्टीच्या पुढच्या गरजू म्हाताऱ्यांच्या खात्यात येतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत. तरी मी फॉर्म भरून देतो, आणि तपासणी दुकानात न करता विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात करा म्हणतो. निम्म्या वेळा नुसता मळ निघतो.

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. हार, भाषणं, वाटप. माझं काम त्यानंतरच्या महिन्यात सुरू होतं. मेमध्ये तर रोज फोन, म्हणजे सुनेचा किंवा नातवाचा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात उघडलेली बॅटरी लवकर सुकते, आणि घाम मशीनमध्ये उतरतो.

आप्पांची नळी पिवळी पडून काडीसारखी कडक झाली होती. कापून नवी घातली. मोल्डच्या भोकात मळ, तो ब्रशनं काढला. नवी बॅटरी, मिनिटभर थांबलो. मोल्ड कानात वळवून बसवावा लागतो, आधी वरचं टोक, मग खालचं. पहिल्यांदा शिट्टी वाजली. परत बसवला. आवाजाचं चाक दोनवर.

आप्पांनी छताकडं बघितलं. "ह्यो पंखा इतका वाजतो?"

"आधीपासून वाजतो."

"बंद करा मग."

बसस्टँडवर मी सोबत गेलो. फलाटावर त्यांनी मशीन काढायला हात घातला. गाडीत लई कालवा, बॅटरी वाया जाईल, स्टिकर द्या, परत चिकटवतो. मी सांगितलं, एकदा हवा लागली की स्टिकरचा उपयोग नाही, कानात ठेवा नाहीतर चंचीत, ती संपणारच. आप्पांना हे पटलं. फुकट संपू देणारा माणूस नव्हे तो.

गाडीत कंडक्टर आला. आप्पांनी आधार कार्ड पुढं केलं आणि म्हणाले, "एक लोहा, अर्धं."

कंडक्टरनं कान पुढं आणला. "काय म्हणलात, बाबा? जरा मोठ्यानं."