सहारा ते जेटलाइट : लखनौच्या एका विमान कंपनीचा ताळेबंद

लखनौ म्हटले की चिकनकारी, नवाबी अदब आणि रसिकता आठवते. भारतातील खासगी विमानवाहतुकीच्या इतिहासातही या शहराचे एक पान आहे. ते पान म्हणजे लखनौस्थित सहारा उद्योगसमूहाची विमान कंपनी.

उदारीकरणाचे अपत्य

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांकडे सोपविली होती. १९९० नंतर 'एअर टॅक्सी' योजनेमुळे खासगी उद्योगांना या क्षेत्रात शिरकाव करता आला आणि १९९४ मध्ये तो कायदाच रद्द झाला. याच संधिकाळात, २० सप्टेंबर १९९१ रोजी, सहारा एअरलाइन्सची स्थापना झाली. ३ डिसेंबर १९९३ रोजी दोन बोइंग ७३७-२०० विमानांनिशी तिची सेवा सुरू झाली.

त्याच सुमारास मुंबईत ईस्ट वेस्ट आणि दमानिया, तर दिल्लीत मोदीलुफ्त या कंपन्या उदयास आल्या होत्या. दशक संपण्यापूर्वीच त्या तिन्ही अस्तंगत झाल्या. पहिल्या फळीतील प्रमुख कंपन्यांपैकी जेट एअरवेज आणि सहारा या दोनच नव्या शतकात पोहोचल्या. २ ऑक्टोबर २००० रोजी सहाराने 'एअर सहारा' हे नाव धारण केले आणि मार्च २००४ मध्ये चेन्नई-कोलंबो मार्गाने परदेशात पाऊल टाकले.

व्यवसायाचे गणित

विमान कंपनीचा माल अत्यंत नाशवंत असतो. दार बंद होताना रिकामे राहिलेले आसन पुन्हा कधीच विकता येत नाही. खर्च मात्र थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या विमानाचे भाडे बहुधा डॉलरमध्ये चुकवावे लागते, तर देशांतर्गत तिकिटाचे उत्पन्न रुपयांत येते. इंधन हा तर खर्चातील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक. रिकामी आसने भरण्यासाठी एअर सहाराने तिकिटांसाठी बोली लावण्याची योजना राबविली, ती याच जाणिवेतून.

प्रवासी सेवेच्या विस्ताराला सरकारी बंधनही होते. दिल्ली-मुंबईसारख्या गर्दीच्या मार्गांवर जितकी क्षमता, तिच्या ठराविक प्रमाणात ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर व इतर शहरांकडेही उड्डाणे करणे कंपन्यांना अनिवार्य होते. मोठी विमाने अशा मार्गांवर तोट्यात जात. म्हणून एअर सहाराने बोइंगच्या जोडीला सुमारे ५० आसनांची सीआरजे-२०० जेट विमानेही ताफ्यात आणली.

विक्री आणि विलय

जानेवारी २००६ मध्ये जेट एअरवेजने एअर सहारा ५० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. जूनमध्ये हा व्यवहार फिसकटला व प्रकरण लवादाकडे गेले. अखेर एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांवर तडजोड झाली. त्यातील ५५० कोटी वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. कंपनीचे नाव 'जेटलाइट' झाले.

एवढी रक्कम कशासाठी? विमाने बव्हंशी भाड्याचीच असतात. खरे मोल होते ते गर्दीच्या विमानतळांवरील उड्डाणाच्या वेळा, विमाने उभी करण्याच्या जागा, प्रशिक्षित वैमानिक आणि बाजारपेठेतील हिस्सा यांचे. मात्र ही मालमत्ता कंपनी चालू असेपर्यंतच मोलाची असते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि जेटलाइटचाही प्रवास संपला. त्या वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या, तर हजारो कर्मचारी थकलेल्या वेतनासाठी आणि धनको बँका आपल्या रकमेसाठी ताटकळत राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश दिला.

बोध

छोट्या शहरांना विमानाने जोडण्याची गरज मात्र कायम आहे. २०१६ च्या 'उडान' योजनेत बंधनाऐवजी तूट भरून काढणाऱ्या अनुदानाचा मार्ग स्वीकारला गेला. १० मार्च २०२४ रोजी आझमगढ, श्रावस्ती, मुरादाबाद, चित्रकूट व अलीगढ या उत्तर प्रदेशातील विमानतळांचे उद्घाटन झाले, ते याच धोरणाचे फलित.

अनुदानाची मुदत संपल्यावर मार्ग स्वबळावर तगतो का, ही खरी कसोटी होय. उद्योग विमानाचा असो वा किराणा मालाचा, विक्रीचा आकडा नाव मिळवून देतो. आयुष्य मात्र देते ती वेळेवर देणी भागविण्याइतकी हातात उरणारी रोकडच.