तट्टाच्या पाठीसाठी टिकाऊ खोगीर

दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर आपले कळप घेऊन चराईसाठी कोकणाकडे अगर इतर मुलखाकडे निघतात, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर लादलेले असते. भांडी, धान्य, मेंढ्या कोंडावयाची वाघर, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि पुष्कळदा लहान मुलेही या ओझ्यात असतात. वाटेत एका तट्टाच्या पाठीला जखम झाली की त्याचे ओझे उरलेल्या तट्टांवर चढते, आणि थोड्याच मुक्कामांत त्यांच्याही पाठी सोलतात. औषधाने जखम बरी होते हे खरे. परंतु तिच्यावर रोज खोगीर चढत असेल तर औषधाचा काही उपयोग होत नाही. म्हणून मुक्काम हलण्यापूर्वीच खोगिराकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

हाड आणि ओझे यांच्यामध्ये कातडी दाबली गेली म्हणजे तेथील रक्तप्रवाह थांबतो व ती जागा मरते. पाठीचा कणा आणि मानेच्या बुडाशी असलेला उंचवटा या ठिकाणी मांस थोडे असल्यामुळे जखमा तेथेच अधिक होतात. घरातील गोधडीची घडी पाठीवर टाकल्याने हा दोष जात नाही, कारण घडीचा भार कण्यावरच येतो. ओझे कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडावयास हवे. याकरिता खोगीर एका गादीचे न करता दोन गाद्यांचे करावे व त्यांच्यामध्ये चार बोटे रुंदीची मोकळी पन्हळ ठेवावी.

मापासाठी तट्टाच्या पाठीवर जुने पोते पसरून कोळशाने खुणा कराव्यात. गादीची पुढची कड फऱ्याच्या हालचालीला अडवू नये आणि मागची कड शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपावी. लहान चणीच्या तट्टाला प्रत्येक गादी सुमारे ५५ सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद पुरते. तरी दुसऱ्याच्या तट्टाचे माप आपल्या तट्टाला लावू नये.

निरुपयोगी वस्तूंच्या भरण्याला मराठीत खोगीरभरती म्हणतात. खऱ्या खोगिरात मात्र चिंध्या, काथ्याचे तुकडे किंवा गाठी असलेली सुतळी कोंबणे म्हणजे जखमेला आमंत्रण होय. भरणासाठी जुनी घोंगडी सर्वांत उत्तम. लोकर घाम शोषून घेते आणि दाब निघाल्यावर पुन्हा फुगते. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती काढल्याशिवाय घोंगडी वापरू नये. ओलसर घामात खळ चिकट होते व वाळल्यावर टणक बनते. घोंगडी दोन-तीन पाण्यांतून काढून, चोळून, सावलीत वाळवावी. वरच्या बाजूचे जाड कॅनव्हास व अंगाकडील जुने मऊ सुती कापडही आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच पावसात कापड आटून गादीला चुण्या पडतात. खताच्या प्लास्टिक पोत्याचे अस्तर कित्येक जण लावतात, पण त्यात घाम मुरत नाही आणि पाठ उबते. स्वस्त फोम ओझ्याखाली लवकरच चपटा होतो.

घोंगडीचे चार ते सहा थर एकावर एक ठेवावेत. हाताने जोराने दाबल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर जाडी उरली पाहिजे. वरखाली कापड लावून प्रथम लांब कच्चे टाके घालावेत. पक्की शिवण दाभणाने व मेण चोळलेल्या दुहेरी सुती दोऱ्याने करावी. शिवणीच्या ओळी कण्याला समांतर असाव्यात, कारण भरण नेहमी खाली घसरते आणि आडव्या ओळीच त्याला अडवून धरतात. दोन ओळींत चार-पाच सेंटिमीटर अंतर पुरे. शिवण मधल्या ओळीपासून सुरू करून कडांकडे न्यावी. कडेपासून आत आल्यास सैल कापड मध्यभागी गोळा होऊन वळी पडते. टाका अंगाकडून आखूड, वरून लांब घ्यावा आणि गाठ नेहमी वरच्या बाजूस मारावी. दोरा इतका ताणू नये की ओळीच्या जागी खोल चर पडेल. दोन्ही गाद्या शेवटी दुहेरी कॅनव्हासच्या पट्टीने जोडाव्यात व कडांना चामड्याची अगर जाड कापडाची गोट लावावी, कारण खोगीर प्रथम फाटते ते दोराच्या घर्षणाने कडेलाच.

तट्टावर चढविताना खोगीर थोडे पुढे ठेवून केसांच्या वळणाने मागे सरकवावे. तंग आवळण्यापूर्वी मधली पट्टी बोटांनी वर उचलून पन्हळ मोकळी झाली की नाही ते पाहावे. ओझे लादल्यावरही पुढून कण्यावरून हात आत गेला पाहिजे. दोन्ही बाजूंची वजने सारखी नसतील तर चांगले खोगीरसुद्धा एका अंगाला ओढले जाते.

मुक्कामावर खोगीर उतरताच पाठ पाहावी. घामाने भिजलेल्या भागात एखादा कोरडा ठिपका दिसला तर तेथे दाब अधिक पडतो असे समजून त्या जागेची शिवण उसवावी व भरण सारखे करावे. पांढरे केस उगवलेली जागा ही जुन्या दाबाची खूण होय. सूज किंवा जखम आढळल्यास कित्येक जण खोगिराला त्या जागी भोक पाडतात. ते करू नये, कारण सगळा दाब भोकाच्या कडेवर येऊन जखम रुंदावते. अशा तट्टाला ओझ्याविना चालवावे व पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी कळप निघण्याच्या आधी वाड्यावर जाऊन पाठी व खोगिरे दोन्ही तपासली, तर उसवून पुन्हा शिवण्यास चार दिवस हाताशी राहतात.