उपरी आणि मिरासदार

अमेरिकेत शार्लटच्या उत्तरेला हंटर्सव्हिल गाव आहे, तिथे मी राहते. आमचा शेजारी मोटार-शर्यतींच्या एका टीमच्या गॅरेजमध्ये गाड्यांचं सस्पेन्शन बसवतो. नॅस्कार मालिकेच्या बहुतेक टीम्सची गॅरेजं इथेच, हंटर्सव्हिल, मूर्सव्हिल, कॉन्कर्डच्या पट्ट्यात आहेत. फेब्रुवारी ते नोव्हेंबर त्याला क्वचितच सुट्टी मिळते. गेली दोन वर्षं मात्र अंगणात भेटला की तो गाड्यांबद्दल नाही, ‘चार्टर’बद्दल बोलायचा.

आपल्याकडे पूर्वी गावात दोन तऱ्हेचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याची. उपरी मात्र कसेल तोवर, मुदतीपुरता. चार्टर मला या भेदामुळेच उमगला.

नॅस्कार ही शर्यती भरवणारी संस्था 1948 साली बिल फ्रान्स यांनी स्थापन केली आणि आजही ती फ्रान्स कुटुंबाच्याच मालकीची आहे. टीम्स वेगळ्या मालकांच्या. मैदानात सहसा जास्तीत जास्त 40 गाड्या उतरतात. 2016मध्ये त्यांतल्या 36 जागांसाठी चार्टर आले. चार्टर असेल तर प्रत्येक शर्यतीत जागा पक्की आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा पक्का. त्याआधी टीम बुडाली की मालकाच्या हाती विकायला फक्त जुनी यंत्रं उरत. तरी टीम्सचा संसार प्रायोजकांच्या पैशावरच चालतो. फर्निचर रो ही टीम 2017ची विजेती. प्रायोजक गेला आणि 2018च्या अखेरीस तिला टाळं लागलं.

चार्टरला किंमत होती, पण मुदतही होती. ते कायमचे करा, असं टीम्स दोन वर्षं सांगत होत्या. 6 सप्टेंबर 2024ला, शुक्रवारी संध्याकाळी, नॅस्कारने अंतिम करार पाठवला आणि काही तासांत सही मागितली. पंधरापैकी तेरा टीम्सनी सही केली. माझ्या शेजाऱ्याची टीम त्यांतलीच. ज्या मालकाच्या पदरी शेकडो माणसं आहेत त्याने त्या रात्री दुसरं काय करायचं? मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

दोघांनी नकार दिला. एक, बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन आणि चालक डेनी हॅमलिन यांची ट्वेन्टीथ्री-इलेव्हन. दुसरी, बॉब जेन्किन्स यांची फ्रंट रो. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. जॉर्डनकडे पैसा आहे, त्याचं धाडस समजू शकतं. मला जास्त मोठे वाटले ते जेन्किन्स. टीम सुरू केल्यापासून एकाही वर्षी नफा झाला नाही, असं त्यांनी साक्षीत सांगितलं. जुलै 2025मध्ये तर दोन्ही टीम्सच्या सहा गाड्यांचं चार्टरचं संरक्षणही गेलं. दर आठवड्याला चार्टरविना, कमी पैशात उतरायचं, आणि कोर्टात हरलो तर सगळंच संपलं, हे ठाऊक असून त्यांनी माघार घेतली नाही.

1 डिसेंबरला शार्लटच्या फेडरल कोर्टात ज्युरीसमोर सुनावणी सुरू झाली. एरवी बंद दाराआड राहणाऱ्या गोष्टी तिथे उघड्या झाल्या: नॅस्कारच्या अधिकाऱ्यांनी टीम-मालकांबद्दल एकमेकांना पाठवलेले अपमानकारक संदेश, हिशेब, त्या शुक्रवारची घालमेल. जो गिब्ज यांच्यासारखा मुरब्बी मालक त्या संध्याकाळी फोनवरून नॅस्कारचे प्रमुख जिम फ्रान्स यांना विनवत होता, हे गिब्ज यांच्या सुनेने शपथेवर सांगितलं. ते वाचून मला वाईट वाटलं.

नवव्या दिवशी, 11 डिसेंबरला, तडजोड झाली. रकमा गुप्त राहिल्या. पण चार्टर कायमचे करायचं ठरलं, आणि तेही फक्त भांडलेल्या दोघांसाठी नव्हे, सही करून बसलेल्या टीम्ससाठीसुद्धा.

त्या संध्याकाळी शेजारी लवकर घरी आला. तो आधी ज्या टीममध्ये होता तिला टाळं लागलं तेव्हा खोक्यात भरून आणलेली त्याची अवजारं इतकी वर्षं घरच्या गॅरेजच्या कोपऱ्यात बांधलेलीच होती. शनिवारी त्याने भिंतीवर फळ्या ठोकल्या आणि एकेक पाना त्यावर टांगला.