यादृच्छिकीकरण, निर्बंधित
निर्बंधित यादृच्छिकीकरण : चिपचा अभिकल्प (आराखडा) सिलिकॉनवर उतरविण्यापूर्वी संगणकावर त्याच्या वर्तनाची नक्कल चालवून तो तपासतात. या नकलेस सदृशीकरण म्हणतात. त्यासाठी लागणारी आदाने ठराविक नियमांच्या मर्यादेत, पण यदृच्छेने निवडण्याच्या पद्धतीस निर्बंधित यादृच्छिकीकरण असे नाव आहे. [→ संकलित मंडल].

प्रत्येक आदान तपासणे अशक्य असते. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या सर्व जोड्या सेकंदाला १० लाख या वेगाने तपासल्या, तरी साडेपाच लाखांहून अधिक वर्षे लागतील. उलट, निसटलेली चूक फार महाग पडते. १९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकातील भागाकाराची चूक विक्रीनंतर उघडकीस आली व त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

सिस्टिम व्हेरिलॉग या भाषेत (मानक आय.ई.ई.ई. १८००, २००५) चलांवरील निर्बंध लिहून देतात आणि ते सर्व एकाच वेळी पाळणारी मूल्ये निर्वाहक (सॉल्व्हर) शोधतो. निर्बंध परस्परविरोधी असल्यास उत्तरच नसते व यादृच्छिकीकरण अयशस्वी होते. उदा., एएक्सआय या बस-प्रणालीत एका व्यवहाराने ४,०९६ बाइटांची सीमा ओलांडू नये असा नियम आहे. मूळ वर्गात हा निर्बंध असताना एखाद्या चाचणीत पत्ता ४,०८० व ४ बाइटांची १६ हस्तांतरणे, म्हणजे एकूण ६४ बाइट, अशी मागणी केली, तर ती पुरी होणे शक्य नाही. तेथे १६ बाइटांनाच जागा आहे.

खरा धोका यापुढे आहे. अशा वेळी आज्ञा ० हे मूल्य परत देते, चलांची आधीची मूल्ये तशीच राहतात, यादृच्छिकीकरणानंतरची क्रिया होत नाही, मात्र सदृशीकरण आपणहून थांबेलच असे नाही. पुष्कळ सदृशक इशारा छापतात, पण हजारो ओळींच्या नोंदीत तो हरवतो. जुनाच व्यवहार पुन्हा पाठविला जातो, तो बरोबर ठरतो आणि चाचणी उत्तीर्ण होते. सीमेलगतचे वर्तन मात्र तपासलेच जात नाही.

म्हणून परत आलेले मूल्य प्रत्येक ठिकाणी तपासावे व ते ० असल्यास सदृशीकरण तत्काळ थांबवावे. ही आज्ञा ‘असर्ट’ विधानात घालण्याची प्रथा रूढ आहे. परंतु असर्ट विधाने बंद ठेवून सदृशीकरण चालविल्यास आज्ञाच पार पाडली जाणार नाही, अशी शक्यता राहते. त्यापेक्षा साधे ‘इफ’ विधान बरे. परतमूल्य जाणूनबुजून टाकून देणे तर सर्वस्वी गैर होय.

कारण शोधताना तेच यादृच्छिक बीज देऊन अपयश पुन्हा घडवून आणतात व निर्बंधांचे गट एकेक करून बंद करतात. ज्याच्या अनुपस्थितीत उत्तर मिळू लागते, तो गट विरोधातील एक पक्ष असतो. तोच चुकीचा आहे असे मात्र त्यावरून ठरत नाही. यादृच्छिक न ठेवलेल्या चलाचे जुने मूल्यही विरोधास कारण होते, कारण निर्वाहक ते स्थिरांक मानतो.

२०१२ च्या आवृत्तीत ‘सॉफ्ट’ निर्बंध आले. कठोर निर्बंधाशी विरोध आल्यास ते माघार घेतात. नेहमीच्या पसंतीची मूल्ये सुचविण्यास ते सोयीचे आहेत. बस-प्रणालीचे नियम त्यांत लिहिल्यास नियमभंग करणारी आदाने निर्माण होऊन अपयश केवळ झाकले जाते. अपेक्षित सीमामूल्ये प्रत्यक्षात येऊन गेली की नाही, हे कार्यात्मक व्याप्तीच्या मोजणीवरून स्वतंत्रपणे पडताळतात.