धाप लागण्याच्या आधी

“डॉक्टर, मला काहीच त्रास नाही. दिवसाला पाच-सहाच तर ओढतो!” पंचविशीतले तरुण मला हमखास असं सांगतात. फुंकून करायची श्वासाची तपासणीही बऱ्याचदा ठीक येते. तरी मी निश्चिंत होत नाही. का, ते सांगतो.

अचानक मरण पावलेल्या तरुणांची फुफ्फुसं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या बारीक श्वासनलिकांत तपकिरी पेशींचे पुंजके साठले होते. नलिकांना सूज होती.

या पेशी म्हणजे फुफ्फुसांचे सफाई कामगार. धुरातले कण गिळताना त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावतात. या पांढऱ्या पेशींतून पाझरणारं ‘इलास्टेज’ वायुकोशांचे लवचिक धागे कुरतडतं. त्याला आवरणारं प्रथिन शरीरात असतं; पण धूर त्यालाच दुबळं करतो.

मग त्रास का जाणवत नाही? या नलिका दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक, पण संख्येने अफाट. काही बुजल्या तरी हवा दुसरीकडून वाट काढते. धाप लागते ती बहुधा चाळिशीनंतर, बरंच काही गमावल्यावर.

नष्ट झालेले वायुकोश परत मिळत नाहीत. मात्र धूम्रपान सोडलं, की फुफ्फुसांची झीज कधीच न ओढणाऱ्याइतकी मंदावते, हे इंग्लंडच्या फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं. पंचविशीत वाचवण्यासारखं पुष्कळ असतं. म्हणून म्हणतो, धापेची वाट पाहू नका.