नाथांच्या वाटेनें पंढरीस : पायीं प्रवासाची आखणी

पायीं दूरचा प्रवास करणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आपली वाट आपण निवडतो. आज किती चालावयाचें, रात्रीं कोठें टेकावयाचें, हें तो आपल्या पायांच्या बळावर व खिशाच्या ऐपतीवर ठरवितो. दुसऱ्या वर्गास वाट, दिवस आणि मुक्काम हीं तिन्ही आधींच ठरून मिळालेलीं असतात. त्यानें ठरवावयाचें एवढेंच कीं, या ठरलेल्या चौकटींत आपला देह, आपलें ओझें आणि आपल्या गरजा कशा बसवावयाच्या. वारकरी हा दुसऱ्या वर्गांतला प्रवासी होय. त्याच्या प्रवासाला आखणी लागत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याला आखणी अधिकच लागते. कारण त्याची चूक त्याच्या एकट्यापुरती राहत नाहीं. तिचा भार सोबतच्या दिंडीवर व वाटेवरच्या गांवांवर पडतो.

पैठणाहून पंढरपुरास जाणारी एकनाथ महाराजांच्या पालखीची वाट हें याचें उत्तम उदाहरण आहे. देहू व आळंदीच्या पालख्यांइतका या पालखीचा बोलबाला नाहीं. परंतु मराठवाड्याच्या वारकऱ्यांना तिचें मोल ठाऊक आहे. एकनाथ महाराजांनीं १५९९ सालीं पैठणास देह ठेवला. त्यांचे पणजोबा भानुदास महाराज हे थोर विठ्ठलभक्त होते, आणि विजयनगरास गेलेली विठ्ठलाची मूर्ति त्यांनीं परत पंढरपुरास आणली, असें परंपरा सांगते. म्हणजे या घराण्याचा पंढरीशीं संबंध नाथांच्याही पूर्वींचा आहे.

गोदाकांठ सोडल्यावर ही वाट शेवगांव-पाथर्डीच्या बाजूनें बीड जिल्ह्यांत शिरते. शिरूर कासार तालुक्यांतील रायमोहा व पुढें पाटोदा हीं तिच्यावरचीं ठळक ठिकाणें. पाटोदा तालुक्यांतील पारगांव घुमरे येथें रिंगण होतें. तेथून वाट दिघोळ व खर्डा या जामखेड तालुक्यांतील गांवांवरून परंड्याकडे आणि शेवटीं सोलापूर जिल्ह्यांतून चंद्रभागेकडे जाते. खर्डा म्हणजे १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला तेंच गांव. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, तोंवर या वाटेवरचा वारकरी पैठणास निजामाच्या मुलखांत असे, पाथर्डीकडे इंग्रजी अमलांत जाई, बीडमध्यें पुन्हां निजामाच्या, जामखेडास पुन्हां इंग्रजांच्या, परंड्यास आणखी एकदां निजामाच्या आणि सरतेशेवटीं इंग्रजी सोलापूर जिल्ह्यांत उतरे. राज्यांच्या हद्दी अशा आडव्या आल्या तरी मुक्कामांची सांखळी तुटली नाहीं. कारण ती सांखळी गांवांनीं धरून ठेवली होती.

बीड जिल्ह्यांतून जाणारी ही एकच पालखी नव्हे. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून निघून गेवराई, बीड व चौसाळा या मार्गानें जाते. शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाईवरून पुढें सरकते. ज्यास या जिल्ह्यांतून चालावयाचें आहे त्यानें यांपैकीं कोणत्या वाटेनें जावयाचें, तें आधीं नक्की करावें. कारण तिन्हींचे दिवस निराळे, टप्पे निराळे आणि भूमीही निराळी आहे.

वाट निश्चित झाल्यावर पहिला प्रश्न दिवसांचा. येथें इंग्रजी महिन्यांची दिनदर्शिका पुरेशी होत नाहीं, पंचांग लागतें. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस पैठणाहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपुरास पोंचते. वारीचा हिशेब शेवटाकडून सुरू होतो. एकादशी हलत नाहीं. म्हणून तिच्यामागचा प्रत्येक मुक्काम मागें मागें मोजीत बसविलेला असतो. एकट्या प्रवाशाला थकवा आला तर तो एक दिवस जास्त थांबूं शकतो. पालखीला तसें करतां येत नाहीं. तेव्हां ज्यास नोकरींतून रजा घ्यावयाची आहे त्यानें हे अठरा-एकोणीस दिवस आणि वर परतीचे दोन दिवस असा विचार करावा.

तिथि तीच असली तरी ऋतु तोच असेल असें मात्र नाहीं. आषाढी एकादशी २०२३ सालीं २९ जून रोजीं, २०२४ सालीं १७ जुलै रोजीं आणि २०२५ सालीं ६ जुलै रोजीं आली. २०२६ सालीं ज्येष्ठ महिना अधिक असल्यामुळें ती २५ जुलैस येते. याचा अर्थ असा कीं, २०२३ सालीं पालखी निघाली ती जूनच्या दहा तारखेच्या सुमारास, म्हणजे उन्हाळा अजून पुरता सरला नसतांना. तर २०२६ चें प्रस्थान जुलैच्या पहिल्या आठवड्यांतलें. एका वर्षीं डोक्यावर ऊन आणि कोरड्या विहिरी, दुसऱ्या वर्षीं पायांखालीं काळ्या मातीचा चिखल आणि ओलीं अंथरुणें. सामानाची यादी करण्यापूर्वीं म्हणूनच पंचांग उघडावें. जूनच्या वारीला पाण्याची मोठी बाटली, डोकें झांकणारें सुती वस्त्र व मीठ-साखर यांना पहिला मान; जुलैच्या वारीला मेणकापड, कोरड्या कपड्यांचा एक बांधलेला जोड आणि जादा पायमोजे यांना.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि बीड जिल्ह्यांत तो इतर सर्व प्रश्नांहून मोठा आहे. रायमोह्याकडून पाटोद्याकडे जातांना वाट बालाघाटाच्या डोंगरांत चढते. हा नद्यांच्या उगमाचा प्रदेश होय. मांजरा, सिंदफणा व बिंदुसरा या नद्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत जन्म घेतात. नकाशावर इतक्या नद्या पाहून अपरिचित मनुष्यास येथें पाण्याची सुबत्ता असावी असें वाटतें. परंतु उगमापाशीं नदी म्हणजे केवळ ओढा. पाऊस पडला तर वाहणारा, एरवीं वाळूचा पट्टा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा मुलूख. खडक काळा, मातीचा थर डोंगरावर पातळ; पडलेलें पाणी उताराला लागून निघून जातें. हीच मांजरा पुढें केज तालुक्यांत धनेगांवच्या धरणांत अडविली आहे. २०१६ सालच्या दुष्काळांत तें धरण कोरडें पडलें आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहरास एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. धरणाच्या जोरावर राहणाऱ्या शहराची जेथें ही गत, तेथें उगमाजवळच्या वाडीची ज्येष्ठांतली स्थिति काय असेल, याची कल्पना करावी.

अशा वेळीं पालखी गांवांत येते. ज्या गांवानें आपल्यासाठीं टँकरची वाट पाहिलेली असते तेंच गांव वारकऱ्यांसाठीं रांजण भरून ठेवतें. हा रांजण कोणाच्या तरी घागरींतून भरलेला आहे, हें ज्याच्या ध्यानांत राहील त्याची निम्मी आखणी झाली. पिण्याचें पाणी आणि धुण्याचें पाणी यांत त्यानें भेद करावा. रोज अंघोळ व रोज धुणें हा नियम जेथें पाणी मुबलक आहे तेथें पाळावा. डोंगराच्या टप्प्यांत ओल्या कपड्यानें अंग पुसून घेतलें तरी पुरे. दोन कपडे कमी धुतले म्हणजे त्या घरच्या बाईची एक खेप वांचते.

पाण्याच्या स्वच्छतेबाबत मात्र संकोच धरूं नये. एकोणिसाव्या शतकांत पंढरपूरच्या यात्रा पटकीच्या सांथीसाठीं कुप्रसिद्ध होत्या. यात्रेकरू घरीं परततांना रोगही बरोबर नेत. आतां शासनाचीं आरोग्यपथकें वाटेवर असतात, तरी संशय येईल तेथें पाणी उकळून घ्यावें किंवा त्यांत क्लोरीनचें औषध टाकावें. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यांत ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून तें थोडें थोडें घेत राहावें. चमचा चहाचा घ्यावा. उन्हांत चालतांना एखाद्याची त्वचा तापली, बोलणें असंबद्ध झालें, ओकारी येऊं लागली, तर त्याला नाम घेत पुढें चालण्याचा आग्रह करूं नये. त्याला सावलींत निजवावें, अंगावर ओलें कापड घालावें, वारा घालावा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवावी. उष्माघातांत गेलेली घटका परत येत नाहीं.

तिसरा प्रश्न पायांचा. संबंध वाट सुमारें अडीचशे किलोमीटरांची असून दिवसाची सरासरी चौदा-पंधरा किलोमीटरांची पडते. हा आंकडा ऐकून तरुण मनुष्य हंसतो. परंतु कांहीं टप्पे सरासरीहून बरेच लांब असतात. शिवाय दिंडींत आपल्या चालीनें चालतां येत नाहीं. भजनाच्या ठेक्यानें चालावें लागतें, थांबावें लागतें, पुन्हां निघावें लागतें. आणि खरी परीक्षा पहिल्या दिवसाची नसून चौथ्या-पांचव्या दिवसाची असते. कालचा फोड घेऊन आज चालावयाचें असतें. म्हणून तयारी दोन महिने आधीं सुरू करावी. प्रथम रोज ५ किलोमीटर, मग ८, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस १५ किलोमीटर चालून पाहावें. दुसऱ्या दिवशीं जें दुखतें तें वारींतही दुखणार असें समजावें. नवी वहाण किंवा नवा बूट घालून प्रस्थान ठेवणें यासारखी चूक नाहीं. पालखीमार्ग आतां राष्ट्रीय महामार्ग म्हणून बांधला गेला आहे; रुंद व टणक रस्ता मातीच्या वाटेहून गुडघ्यांना जड जातो आणि उन्हांत लवकर तापतो. म्हणून तळवा जाड असलेलें, पायांना सरावलेलें पादत्राण घ्यावें. वाहनांच्या वर्दळीमुळें पहांटेच्या अंधारांत दिंडी सोडून एकट्यानें पुढें जाऊं नये.

चवथा प्रश्न सोबतीचा. पालखींत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. पताकावाले, टाळकरी, मृदंग्या, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया यांच्या जागा ठरलेल्या असतात. नवख्या मनुष्यानें ऐन वेळीं येऊन कोठेंही घुसूं नये. एक-दोन महिने आधीं दिंडीच्या चालकाला भेटावें, जेवणाचा व राहुटीचा खर्च किती तें विचारून भरावा, सामान कोणत्या वाहनांत जाणार तें समजून घ्यावें. वाहनांत जाणारें सामान संध्याकाळपर्यंत हातीं लागत नाहीं; म्हणून पाणी, औषधें, एक कोरडा पंचा, थोडे पैसे आणि ओळखीचा कागद हीं खांद्यावरच्या पिशवींतच असावीं. पिशवीचें वजन तीन-चार किलोंहून अधिक झालें कीं ती उघडून पुन्हां भरावी.

येथें एक शंका निघते. गर्दी नको, ऊन नको, चिखल नको. मग हीच वाट हिंवाळ्यांत एकट्यानें कां चालूं नये? चालण्यास हरकत नाहीं, आणि हवाही तेव्हां प्रसन्न असते. परंतु त्या ऋतूंत शिरूर व पाटोदा तालुक्यांतील कित्येक वाड्यांत दारांना कुलुपें दिसतात. येथील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडण्यास जातात, आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्यें परततात. घरीं उरतात ते म्हातारे व कांहीं मुलें. हिंवाळ्यांतल्या प्रवाशानें म्हणूनच शिधा, पाणी व मुक्काम यांची सोय मोठ्या गांवीं आधींच करून ठेवावी. वाडींतल्या म्हाताऱ्यांच्या दारीं जेवणाच्या अपेक्षेनें उभें राहूं नये. वारीच्या दिवसांत हीच घरें उघडीं असतात. सहा महिने परमुलखांत कोप्यांत काढलेलीं माणसें घरीं आलेलीं असतात, पेरणीसाठीं आभाळाकडे पाहत असतात, आणि दारावरून जाणाऱ्या पालखीला भाकरी वाढीत असतात. पालखीचा काळ आणि या लोकांच्या घरीं असण्याचा काळ एकत्र येतो, म्हणूनच बीड जिल्ह्यांतील हा टप्पा इतका भरलेला दिसतो.

ज्यास अठरा दिवस काढणें शक्य नाहीं त्यानें रायमोहा ते खर्डा एवढाच भाग चालावा. तीन-चार दिवसांत त्याला घाटाचा चढ, माळरान आणि रिंगण हीं तिन्ही पाहावयास मिळतील. मात्र थोड्या दिवसांचा वारकरी हा पाहुणा नसतो; पंगतींत वाढणें, राहुटीचा दोर ओढणें, निघतांना पत्रावळी व कागद गोळा करणें हीं कामें त्याच्याही वांट्याची असतात.

परतीचा विचार पुष्कळ जण विसरतात. एकादशीच्या दिवशीं पंढरपुरास गाड्यांना जागा नसते, आणि थकलेला मनुष्य त्याच गर्दींत आजारी पडतो. शक्य तर एक दिवस विश्रांति घेऊन द्वादशीनंतर निघावें. घरीं पोंचल्यावर पायांचे फोड आठ दिवसांत बरे होतील. ज्या गांवांत रांजणाचें पाणी प्यालों तेथें पाऊस पडला कीं नाहीं, पेरणी साधली कीं नाहीं, याची चौकशी मात्र पुढच्या वारीपर्यंत चालू राहावी. कारण पुढच्या वर्षींचा रांजण त्या पावसावरच भरावयाचा असतो.