माणसांचीही खतावणी हवी

शहाद्याच्या बाजारपेठेत दिवाळीला वहीपूजन होते. रोजमेळ, खतावणी, उधारी, मालसाठा यांत पैशाचाही फरक राहू नये, अशी व्यापाऱ्याची दक्षता असते. मात्र त्याच पेढीवर वीस वर्षे राबणारा मनुष्य नेमका कोणत्या तारखेला कामास लागला, असे विचारले तर पुष्कळदा ‘थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’ असे उत्तर मिळते.

तोंडी आणि एकतर्फी हिशेबाने काय होते, हे या तालुक्याने पाहिले आहे. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होई. वर्षाची बोली ठरे, उचल दिली जाई. खाडे आणि उचल मालकाच्या वहीत राहत. ती वही बहुतेक सालदारांना वाचता येत नसे. 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे त्या चळवळीतील प्रमुख आदिवासी कार्यकर्ते. जमिनीबरोबरच सालदारांची मजुरी हाही त्या लढ्याचा विषय होता. नोंद दोन्ही पक्षांना वाचता यावी आणि मान्य असावी, हा त्यातील बोध दुकानदारासही लागू पडतो.

त्यासाठी फार खटाटोप नको. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक धारिका असावी. तीत रुजू झाल्याची तारीख, काम व वेतन नमूद केलेले नियुक्तिपत्र, ओळखपत्राची प्रत, वेतनवाढीची नोंद, उचलीचे स्वतंत्र पान आणि वारसाचे नामनिर्देशन असावे. हजेरीपट रोज भरावा व पगारपत्रकावर दरमहा सही घ्यावी. धारिका कुलपात ठेवावी. मात्र ज्याची त्याला ती मागताच दाखवावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्याने लेखी नियुक्तिपत्राचे महत्त्व वाढले आहे.

नोंदीचे मोल पैशांतही मोजता येते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानास ग्रॅच्युइटी लागू होते. सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते आणि महिन्याचे दिवस 26 धरले जातात. त्यासाठी मोजले जाणारे मासिक वेतन 13,000 रुपये असेल, तर एका वर्षाचे 7,500 आणि वीस वर्षांचे 1,50,000 रुपये होतात. रुजू होण्याच्या वर्षाबद्दल तीन वर्षांचा मतभेद झाला, तर 22,500 रुपयांचा वाद उभा राहतो. कामगाराचा मृत्यू झाल्यास पाच वर्षांची अट राहत नाही. अशा वेळी पत्नी, आई आणि भाऊ वेगवेगळे दारी आले, तर नामनिर्देशनाचा कागदच मालकाला वाट दाखवतो.

जुन्या नोंदी नसतील तर काय करावे? तपासणीच्या धास्तीने एका रात्रीत मागील वर्षांचे हजेरीपट भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोटा लेख करणे, म्हणजेच कूटलेखक्रिया, हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे. त्यापेक्षा कर्मचाऱ्याला समोर बसवावे, दोघांच्या आठवणी व हाती असलेल्या चिठ्ठ्या जुळवून रुजू होण्याची तारीख ठरवावी, आणि ‘ही नोंद आज परस्परसंमतीने केली’ असे स्पष्ट लिहून दोघांनी आजच्या तारखेने सह्या कराव्यात. ज्याला वाचता येत नाही, त्याला मजकूर त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून दाखवावा आणि एक प्रत घरी न्यायला द्यावी.